पिराजी हेड्यानं पारखलेलं मांजर

पिराजीतात्या आमच्या गडमुडशिंगीचा. आमच्या परड्याला लागून त्याचा गोठा, त्यामुळं मी त्याच्या शिव्या ऐकतच मोठा झालो. धंदा हेड्याचा. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. बैल विकणारा एका अंगाला, घेणारा दुसऱ्या अंगाला आणि मधे हा, धोतराचा सोगा वर खोचून बैलाच्या तोंडात हात घालून उभा. हेडी म्हटलं की माणसं आधी खिसा चाचपतात. तात्याचं तसं नव्हतं. पिराजीनं दिलेलं जनावर म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नसे, कारण जनावराची खोड सांगितल्याशिवाय त्यानं घेणाऱ्याच्या हातात कासरा कधी दिला नाही. "बैल चांगला हाय, पर डाव्या अंगानं लाथ झाडतोय. झेपत असला तर न्हे, न्हायतर ऱ्हाऊ दे," असं तोंडावर सांगायचा. विकणारा शेजारी उभा राहून दात खायचा. पन्नास वर्षं तात्या त्या एका गोष्टीवर जगला आणि तिच्यावरच ताठ राहिला. देवळात वाकायचा तेसुद्धा देवावर उपकार केल्यासारखा.

त्याची दुसरी एक रीत होती. जनावर बघताना विकणाऱ्याला बोलू द्यायचं नाही. विकणारा बोलतो ते माल खपवायलाच, असं त्याचं म्हणणं. मालकानं तोंड उघडलं की तात्याचा तळहात त्याच्या तोंडापुढं आडवा. "तू गप. आता जनावर बोलंल." मग दात, खूर, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे. सगळ्यात शेवटी रॉकेलचा रिकामा डबा घेऊन बैलाच्या मागं जायचा आणि काठीनं बडवायचा. बैल बुजला तर गाडीला धोक्याचा. जागचा हलला नाही तर गरीब जनावर. डब्याला पास झालेला बैल त्यानं कधी परत आलेला बघितला नव्हता.

पुढं ट्रॅक्टर आले, बाजार बारीक झाला. बायको धोंडुबाई गेली. पोरगा आकाराम शिरोलीला फौंड्रीत होता, त्यानं दोन हजार तीन साली कोल्हापुरात कदमवाडीच्या अंगाला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि म्हाताऱ्याला एका ट्रंकेसकट उचलून आणलं. मी तेव्हा शाहूपुरीत एका छापखान्यात लग्नपत्रिकांच्या कामाला होतो. रविवारचा जायचो त्याच्याकडं. तात्या गॅलरीत बसून खाली येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल बघायचा.

"केरबा, त्यो चष्मेवाला बग. उजव्या पायात उणा हाय. आन ती बाई, ती कामाला चांगली, पर शिंगाला वंगाळ."

"तात्या, हळू. ती चेअरमनची बायको हाय."

"मग त्येला म्हाईतच आसंल."

सून शालन चांगली बाई. वेळेवर ताट, वेळेवर चहा. पण त्या घरात म्हाताऱ्याला कुणी काही विचारत नव्हतं. काय विचारणार? गॅसचा नंबर कधी लावायचा, पोरीची फी कधी भरायची, यातलं त्याला काय कळणार? जेवण झालं की तो नखं बघत बसायचा.

तर अशात मांजराचा विषय निघाला. नात सुष्मिता नऊ वर्षांची, तिला मांजर पाहिजे होतं. शालननं पेपरच्या पुरवणीतलं कात्रण काढून ठेवलं होतं, फ्लॅटमध्ये कुठल्या जातीचं मांजर पाळावं याचं. ते घेऊन ती बसली होती, आकाराम होता, मी होतो.

"सयामी म्हणून एक आसतंय, त्ये दिवसभर वरडतंय म्हणं," शालन म्हणाली. "शेजारचं ऱ्हाऊ द्यायचं न्हाईत. गावठीला हिंडायला लागतंय, हितनं त्ये कुठं हिंडणार? पर्शियन तेवढं बरं म्हणत्यात. शांत आसतंय, घर सोडत न्हाय. क्यास तेवढं रोज इंचरायला लागत्यात."

"पर्शियन म्हंजे कुठलं गा?" तात्यानं मला विचारलं. "म्हसवडकडलं?"

"इराणकडलं, तात्या."

"आन त्येचं क्यास कोण इंचरणार? ह्या घरात आकारामला धा वरसं फणी लागली न्हाय."

आकारामनं टकलावरनं हात फिरवला आणि टीव्हीकडं तोंड केलं.

"आन मांजर कुणी आणतंय व्हय? मांजर येतंय," तात्या म्हणाला.

"आज्जा, तिसऱ्या मजल्यावर कसं यील? लिफ्टनं?" सुष्मिता म्हणाली.

सगळे हसले. तात्या हसला नाही. शालनला ते दिसलं असावं. ती म्हणाली, "मामंजी, तुमीच जाऊन बगून आणा की. जनावरातलं तुमच्याएवढं आमाला कुणाला कळतंय?"

मनापासून म्हणाली का म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून, देव जाणे. पण तात्या भिंत सोडून सरळ बसला. त्या घरात आल्यापासून त्याला कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर हा पटका बांधून, काठी घेऊन, बाजाराला निघाल्यासारखा दारात उभा.

सदर बाजाराच्या एका बोळात बाबालाल म्हणून एक जण गाद्या भरायचा. त्याची बायको मेहमुदा, तिच्याकडं पर्शियन मांजरं होती. गोव्याला दिलेल्या बहिणीनं तिला एक जोडी आणून दिलेली, त्यांचीच पुढची पैदास. आमच्या मालकाची गादी आणायला गेलतो तेव्हा मी ती बघितली होती. म्हणून तात्याला एम-एटीवर मागं बसवून मीच तिथं नेला. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात माझा वाटा तिथनंच चालू होतो.

बाबालाल गिऱ्हाइकाकडं गेलता. मेहमुदाबाईनं आम्हाला आत बसवलं. चाळिशीची बाई, बोलायला मोकळी. तिनं मांजरं दाखवायच्या आधी तात्यालाच विचारायला सुरुवात केली. घर कितव्या मजल्यावर? गॅलरीला जाळी हाय का? दिवसा घरात कोण असतंय? पोरगी केवढी?

"बाई, मांजर द्यायचं हाय का पोरगी?" तात्या म्हणाला.

"काका, पोरगीला तोंड तरी आसतंय. सासरी काय झालं तर सांगती. हिला कुठलं तोंड?"

"पैसं किती?"

"मांजराचं पैसं आमच्यात घेत न्हाईत. घर बगून देतो." आमच्याकडच्या बाया बोलतात तशीच ती बोलायची, पुरुषांसारखं येतो-जातो. "तुमी ही भुरी न्ह्या. तीन वरसाची हाय. हितनं उठून तिथं बसायचं म्हटलं तरी इचार करती. तिसऱ्या मजल्याला आसलीच लागती. चपळ दिलं तर कबुतर बगून एक दिस गॅलरीतनं उडी टाकंल."

भुरी राखेच्या रंगाची होती, चपट्या तोंडाची. तात्या तिच्यापुढं उकिडवा बसला. ओठ वर करून दात बघितले, पाठीवरनं बोट फिरवलं, शेपूट उचलली. भुरीनं सगळं सोसलं. मग तात्या उठला आणि त्यानं कोपऱ्यातला डालड्याचा डबा उचलला. मला हसू यायला लागलं.

"काका, डबा कशाला?" मेहमुदाबाई म्हणाली.

तात्याचा तळहात आडवा. "तुमी गप ऱ्हावा, बाई."

आणि त्यानं काठीनं डबा असा बडवला की शेजारच्या घरातनं कुणीतरी खिडकी उघडली. भुरी बाजेखाली गेली. एक तांबूस बोका गाद्यांच्या चळतीवर चढला. एक पिल्लू शिलाई मशीनच्या पायडलाखाली शिरून बसलं. एकच मांजर हललं नाही. पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं, वर्षभराचं. खिडकीखाली बसून पंजा चाटत होतं, ते चाटतच राहिलं. तात्या त्याच्या पाठीमागं गेला आणि पुन्हा बडवला. मांजरानं दुसरा पंजा चाटायला घेतला.

तात्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मी धोंडुबाई गेल्यानंतर बघितलं नव्हतं.

"बगिटलंस, केरबा? बगिटलंस का? खालनं वरात जाऊ दे, गणपतीत डॉल्बी लागू दे. ह्ये जागचं हलणार न्हाय. फ्लॅटला ह्येच जनावर."

"काका, त्या पांढरीचं एक सांगायचं हाय..." मेहमुदाबाई म्हणाली.

हात आडवा. "जनावर बोललं. आता मालकानं बोलू ने."

"ऐकून तर घ्या, तिला..."

"पन्नास वरसं झाली बाई माझी ह्यात."

त्यानं पांढरीला बरोबर आणलेल्या वेताच्या बुट्टीत घातलं, वरनं पंचा बांधला आणि पोराला घेऊन निघाल्यासारखा निघालासुद्धा. मी चपला घालत होतो. मेहमुदाबाई उंबऱ्यात आली आणि मला हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, तिला ऐकू येत न्हाय. जन्मापास्नं. काका काय ऐकंनात, तुमी सांगा त्यास्नी घरला गेल्यावर. मागनं हात लावू नका म्हणावं. दचकती आन बोचकारती. घरात ल्हान पोरगी हाय म्हणून सांगतो."

"सांगतो," मी म्हटलं.

सांगितलं नाही. गाडीवर मागं बसून तो बडबडत होता, कुठल्या साली कुठला बैल कसा डब्यावर पारखला ते. वर गेलो तर सगळं घर दारात. सुष्मितानं मांजराला उराशी धरलं. शालन म्हणाली, किती शांत हाय. शेजारची माणसं बघायला आली. तात्या मधे बसून डब्याची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता. तेव्हा कसं सांगू? म्हटलं उद्या. उद्या लग्नसराईचं काम आलं. परवा म्हटलं रविवारी. रविवारी वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस का गप बसलास म्हणून विचारतील. असं एक-एक दिवस ते बोलणं जड होत गेलं. शेवटी मी स्वतःला समजावलं की मांजरानं ऐकून करायचंय काय, त्याला काय भजनाला जायचंय?

बाराव्या दिवशी मांजर सोफ्यावर झोपलेलं. सुष्मिता शाळेतनं आली, दप्तर टाकलं आणि मागनं जाऊन तिनं त्याला एकदम उचललं. मांजर अंगात आल्यासारखं उसळलं. पोरीच्या डोळ्याच्या कडेला, अगदी कडेला, दोन नखं लागली. डॉक्टर म्हणाला, गहूभर अलीकडं असतं तर डोळा गेला असता. मग आकाराम मांजराला जनावरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. त्यानं मांजराच्या मागं दोन टाळ्या वाजवल्या, चावीचा जुडगा वाजवला आणि सांगितलं की हे जन्मजात बहिरं आहे. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्यात पुष्कळदा असतं.

शालननं भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आसू द्या मामंजी. बैल येगळा, मांजर येगळं."

तात्या रात्रीचं जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला छापखान्याच्या दारात उभा, हातात पंचा बांधलेली बुट्टी.

"गाडी काढ."

"कुठं तात्या?"

"त्या बाईकडं. खोड लपवून जनावर दिलं मला. मला, पिराजी हेड्याला. फुकट दिली तवाच वळखायला पायजे हुतं. फुकट म्हंजे खोडीची."

तेव्हा सांगायचं होतं. तिथं, छापखान्याच्या पायरीवर, आम्ही दोघंच होतो. मी काय म्हटलं? "जाऊ द्या की तात्या, कशाला..." म्हटलं आणि गाडीला किक मारली.

बोळात सकाळची वर्दळ होती. नळाला बायका, कोपऱ्यावर खुर्ची टाकून एक न्हावी, आणि दारात बाबालाल भल्यामोठ्या सुईनं गादीला टाके घालत बसलेला. तात्यानं बुट्टी त्याच्यापुढं आदळली.

"काय झालं पावणं?" बाबालाल म्हणाला.

"पावणं म्हणू नगासा मला. बहिरं जनावर गळ्यात बांधलासा माझ्या. नातीचा डोळा जाता जाता ऱ्हायला." तात्याचा आवाज बाजारातला, हजार जनावरांच्या वरनं जायची सवय असलेला. नळावरच्या घागरी थांबल्या. "एका शब्दानं सांगिटलं न्हाय. इकणारं लबाड आसत्यात ह्ये म्हाईत हुतं, पर तुमी तर दान द्यायचं सोंग करून फसिवलासा."

मेहमुदाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. "काका, मी सांगत हुतो. तुमीच हात आडवा धरलासा."

"मग जाताना सांगायचं."

"सांगिटलं की. ह्या भाऊंना सांगिटलं, उंबऱ्यात. समदं सांगिटलं. मागनं हात लावू नका म्हणूनबी सांगिटलं."

सगळ्या बोळानं माझ्याकडं बघितलं. नळावरची हिरव्या साडीतली एक बाई तर घागर कमरेवर घेऊन दोन पावलं पुढं आली. तात्यानंही बघितलं. त्याच्या बघण्यात काही संशय नव्हता. मी त्याच्या गोठ्यात खेळून मोठा झालेला पोरगा होतो.

"मला न्हाय काय म्हणाल्या," मी म्हटलं.

चार शब्द. त्यातला एकही खरा नाही. हे बोलताना माझा आवाजसुद्धा फाटला नाही, याची मला आज जास्त लाज वाटते.

मेहमुदाबाई माझ्याशी वाद घालत बसली नाही. पहिल्या दिवशी तात्याला प्रश्न विचारताना ती जसं बघत होती, या घरी मांजर द्यावं का नको असं, तसं तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिचं ठरलं. ती खाली बसली. बुट्टीवरचा पंचा सोडला, बुट्टीपुढं जमिनीवर तळहातानं दोनदा थाप मारली. मांजरानं मान वळवली आणि तिच्याकडं गेलं. ते घेऊन ती आत गेली.

"जावा पावणं," बाबालाल म्हणाला. त्याची सुई गादीत तशीच अडकलेली होती.

तात्याचा राग एवढ्यानं भागला नाही. बाजारात ज्यानं फसवलं त्याचं नाव चार गावांत सांगायचं, ही तिथली पद्धत, आणि तात्या ती इमानानं पाळायला लागला. गॅलरीतनं, जिन्यात, लिफ्टच्या दारात. बिल्डिंगमधल्या दोन घरांनी सुष्मिताचं बघून मेहमुदाबाईकडं पिल्लांचं बोलणं केलं होतं. दोघांनी नको म्हणून कळवलं. गावाकडनं कोण भेटायला आलं तर त्यालाही हा सांगायचा, सदर बाजारात एक बाई हाय, तिच्या दारात जाऊ नगा. आणि माझं नाव साक्षीला. "हा केरबा हुता की संगं. इचारा त्येला."

विचारायचे. मी मान हलवायचो.

आतल्या खोलीत सुष्मिता डोळ्याला पट्टी लावून सारखं एकच म्हणायची, "तिनं मुद्दाम न्हाय केलं. ती झोपलीती."

आठव्या की नवव्या दिवशी, रविवारी, गॅलरीत आम्ही दोघं होतो. तात्या खालच्या मजल्यावरच्या कुणाला तरी वरनंच तीच गोष्ट सांगून वळला आणि मला म्हणाला, "पन्नास वरसात माझ्या शब्दाला बट्टा न्हवता केरबा. त्या बाईनं लावला."

माझ्या तोंडातनं निघून गेलं. "तात्या, तिनं सांगिटलं हुतं मला."

तो खाली बसला.

"कवा?"

"तुमी बुट्टी घिऊन पुढं गेलासा तवा. उंबऱ्यात."

"समदं?"

"समदं."

खाली कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती. किकवर किक चालली होती. तात्या ते ऐकत बसला. मला वाटलं, आता काठी घेतो. घेतली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे आदी तिचं बोलणं मी दाबलं," तो म्हणाला, "मग तू गिळलंस. आन दोघांनी जाऊन तिलाच लबाड ठरीवली."

"तात्या, माझं चुकलं."

"त्ये मला काय सांगतोस? मी काय मांजर दिलतं तुला?" तो उठला. "पटका काढून ठेवतो. उद्या सकाळी नऊला जायाचं. त्याच टायमाला."

नऊच का, ते मला गेल्यावर कळलं. बोल जिथं लावला तिथंच, आणि ज्यांच्यादेखत लावला त्यांच्यादेखतच परत घ्यायचा, ही बाजाराची रीत. बोळाच्या तोंडाला त्यानं मला थांबवलं.

"तू हितंच ऱ्हा."

"मी येतो की. मी बोलतो."

"न्हाय. माझं मी बोलतो. तुझं तुला कवा बोलायचं त्ये तू बग. माझ्या धोतराच्या आडनं नगं."

तो गेला. मी गाडीजवळ उभा. तिथनं सगळं दिसत होतं आणि त्याचा आवाज तर स्टँडपर्यंत गेला असता. बाबालाल दारात होता, न्हावी होता. नळावर बायका होत्या, पण तात्यानं एकेकीकडं निरखून बघितलं आणि विचारलं, "त्या दिशी हिरव्या साडीतली एक बाई हुती. ती कुठं हाय?"

"चन्नम्माकाकू का? आंघूळ करायला लागल्यात," कुणीतरी म्हणालं.

"होऊ दे त्येंची. मी थांबतो."

आणि तो थांबला. भर बोळात, उन्हात, काठीवर दोन्ही हात ठेवून, पंधरा-वीस मिनिटं. पटक्याखालनं घाम मानेवर येत होता. चन्नम्माकाकू ओल्या केसांनी आल्या, मेहमुदाबाई दारात आली, मग तो बोलला.

"मी पिराजी. जनावरांच्या बाजारात हेडी हुतो. त्या दिशी हितं ह्या बाईस्नी मी लबाड म्हणालो. ती लबाड न्हाय. ती सांगत हुती, मी ऐकून घेटलं न्हाय. माझी पारख चुकली आन ती झाकायला मी त्येंच्यावर आळ घेटला. खोड माझ्यात हाय. त्यो बोल मी परत घेटला. तुमी समद्यांनी ऐकलंसा न्हवं?"

माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. मी वाट बघत होतो. घेतलं असतं तर मी चार पावलं पुढं गेलो असतो, असं मी अजून म्हणतो. त्यानं घेतलं नाही.

न्हावी म्हणाला, "ऐकलं आजोबा. सावलीला या आता."

तात्या मेहमुदाबाईकडं वळला. "पोरगी मांजरासाठी जेवंना झालीया. देतासा का पुन्यांदा?"

मेहमुदाबाईनं त्याला वरनं खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "देतो. पर ह्या टायमाला आदी मी बोलणार, मग तुमी."

"बोला."

तो पायरीखाली उकिडवा बसला, बैलापुढं बसायचा तसाच, आणि ती वर उभी राहून सांगत होती. मागनं हात लावायचा न्हाय. झोपली आसंल तर फरशीवर पाय आपटायचा, हादरा लागला की ती जागी होती. बोलवायचं आसंल तर लाईट चालू-बंद करायची. दार उघडं टाकायचं न्हाय, खाली गेली तर गाडीचा आवाज तिला येणार न्हाय. गॅलरीला जाळी आदी, मांजर मग. प्रत्येक गोष्टीनंतर तात्या शाळेतल्या पोरासारखं तेच पुन्हा म्हणत होता. पाय आपटायचा. लाईट चालू-बंद. गॅलरीला जाळी.

चार दिवसांनी जाळी बसली आणि मांजर परत आलं. पुढं तात्या सात वर्षं जगला आणि ते मांजर त्याच्याच मांडीवर वाढलं. घरात कोण पाहुणा आला की तो पाणी प्यायच्या आत तात्या सांगायचा, "ह्ये मांजर बहिरं हाय. आन घेताना मला त्ये कळलं न्हाय." शालन म्हणायची, मामंजी, प्रत्येकाला कशाला सांगताय? पण तो सांगायचाच. बिल्डिंगमधलं कुणी फ्लॅटला कसलं मांजर घ्यावं म्हणून विचारायला आलं तर म्हणायचा, मला न्हाय कळत, सदर बाजारात मेहमुदाबाई म्हणून हायत, त्येंचं पुरतं ऐकून घ्या. पाच-सहा घरांत तिची मांजरं गेली. मी समोर बसलेलो असलो तरी त्यानं कधी माझ्याकडं रोखून बघितलं नाही, टोमणा मारला नाही. रविवारचा चहाही तसाच मिळत राहिला. फक्त कशाला साक्षीला म्हणून माझं नाव त्यानं पुन्हा घेतलं नाही.

तात्या गेला त्या वर्षी मी त्या बोळात गेलो. तोंडात वाक्य तयार होतं, गाडीवर चारदा म्हणून बघितलेलं. बाबालाल दारात नव्हता. मेहमुदाबाई पायरीवर तांदूळ निवडत होती. केस पिकले होते. तिनं मला ओळखलं.

"काका गेलं म्हणून कळलं," ती म्हणाली. "चांगला माणूस हुता. पांढरी कशी हाय?"

"बरी हाय."

"जेवती न्हवं?"

"जेवती."

ती आत गेली, तांब्याभांडं घेऊन आली. बोळात कुणी नव्हतं. नळ बंद, न्हाव्याची खुर्ची उलटी करून ठेवलेली. मी मनाशी म्हटलं, बोलायचं तर चार माणसांदेखत बोलायला पाहिजे, आता कुणीच नाही, मग कशाला? हेही मी लगेच शोधून काढलं. पाणी प्यालो. ती उभीच होती, मी काही बोलेन म्हणून वाट बघत असावी, किंवा नुसतं भांडं परत घ्यायला. मी भांडं तिच्या हातात दिलं, येतो म्हटलं आणि गाडीला किक मारली.